सबुरीचे सैनिक

सकाळी पाव आणायला नझीह खाली उतरला आणि दाराशीच थबकला. इमारतीच्या डाव्या खांबावर, जिथे काल संध्याकाळपर्यंत गोळ्यांची भोकं सोडून काही नव्हतं, तिथे तपकिरी रंगात ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'सबुरीचे सैनिक'. खाली काहीच नाही. बंदूक नाही, तलवार नाही, मूठ नाही, कुणा हुतात्म्याचा चेहरा नाही. नुसतं नाव. त्याला आधी भीती वाटलीच नाही, वाटला तो अपमान. पश्चिम बैरूतमध्ये खांद्याला बंदूक अडकवून फिरणारा असा एकही गट नव्हता, ज्याचं नाव काय, बूड कुठलं आणि पैसा कुठून येतो हे नझीह कुर्बाजला ठाऊक नव्हतं. त्याचं पोटच त्यावर चालत होतं. वृत्तसंस्थेत बातम्या लिहिणारे पुष्कळ होते, पण बातमीत कोणाला काय म्हणायचं हे विचारायला सगळे त्याच्या टेबलाशी येत. आणि आता त्याच्याच सासऱ्याच्या इमारतीवर, त्याच्याच दाराशी, एक असं नाव उभं होतं ज्याला तो ओळखत नव्हता.

"सकाळ खैराची, उस्ताझ," जिन्याखालच्या स्टुलावरून रखवालदार अबू झैनब म्हणाला. "उजेडाची, अबू झैनब," नझीह रीतीचं उत्तर देत म्हणाला आणि त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. अबू झैनब दक्षिणेतल्या गावातून बायको-मुलीला घेऊन पळून आलेला माणूस, जिन्याखालच्या खोलीत राहायचा, पायऱ्या धुवायचा, पाण्याची टाकी भरायचा. "पाव संपले बरं का. बेकरीवाल्यानं शटर अर्ध्यावर ओढलंय. मी तुमच्यासाठी जुडी मागून ठेवलीय." त्यानं फडक्यात गुंडाळलेले पाव पुढे केले आणि नझीहला त्याची नखं दिसली. नखांच्या कडांना तपकिरी रंग होता. नझीहच्या मनात पाल चुकचुकली. त्यानं पाव घेतले, खांबाकडे पाहिलंही नाही असं दाखवलं, आणि जिना चढताना मागे वळून बघायचा मोह आवरला. हा माणूस आपल्यासाठी पाव का ठेवतो? याआधीही ठेवायचा, हे खरं. पण याआधी का ठेवायचा, हे तरी आपण कधी विचारलं होतं?

चार मजले चढेस्तोवर त्यानं नावाची चिरफाड सुरू केली होती. सबुरी. शिया म्हणावेत तर त्यांच्या मोहर्रमच्या शोकसभांत सबुरीशिवाय पान हलत नाही. सुन्नी म्हणावेत तर तेही शुक्रवारी तेच ऐकतात. आणि आपल्या ऑर्थोडॉक्स पाद्र्यानं तरी रविवारी दुसरं काय सांगितलं आजवर? डावे नक्की नाहीत, त्यांना सबुरी नसते. अक्षर मात्र चांगलं वळणदार, ओळ सरळ, घाई नव्हती लिहिणाऱ्याला. भिंती रंगवणारी पोरं एका पायावर उभी असतात, त्यांची शेवटची अक्षरं नेहमी पळती असतात. हा कुणीतरी बसून, विचार करून लिहिणारा माणूस होता. अशा माणसांची नझीहला जास्त भीती वाटत असे. त्याआधी पहिल्या मजल्यावरचं बंद दार ओलांडताना त्यानं पावलं भरभर उचलली होती, कारण दंतवैद्य कॅनडाला निघून गेल्यापासून ते घर रिकामं होतं आणि रिकाम्या घराचा वास या शहरात फार लांबून येतो. आधी पाहणी करायला दोघं येतात, मग गाद्या येतात, मग गॅलरीत वाळूची पोती येतात. मग चौथ्या मजल्यावर कोण राहतो, त्याच्या ओळखपत्रावर पंथाच्या जागी काय लिहिलंय, हे कुणीतरी विचारतं. गेल्या वसंतात शेजारच्या गल्लीतल्या ख्रिस्ती कंपाउंडरला असंच विचारलं होतं. त्याच्या घरात आता दुसऱ्याच कुणाचे कपडे वाळत असतात.

त्याची बायको हैफा गॅसपाशी पाठमोरी उभी होती, कॉफी वर येण्याची वाट बघत. त्यानं सांगितलं तेव्हा तिनं मान वळवली नाही. "असेल कुणी. रोज काहीतरी लिहितातच की." "अगं, पण हे कुणाचंच नाही." "मग बरंच आहे." "बरं कसं? कुणाचंच नसलेलं काही नसतं इथे." तिनं कॉफी ओतली आणि मग, जणू सहज आठवलं म्हणून, म्हणाली, "ऑफिसात काढू नकोस हा विषय." "का?" "का म्हणजे? सगळंच काय ऑफिसात सांगायचं असतं? मी काल काय शिजवलं तेही सांग मग." ती हसली, पण नझीहला ते हसू ठिगळ लावल्यासारखं वाटलं. हैफा इथली, सुन्नी, याच गल्लीत वाढलेली. शाळेत इतिहास शिकवायची. दोघांचं लग्न लावायला या देशात कुणी धर्मगुरू तयार नव्हता म्हणून ते बोटीनं सायप्रसला जाऊन नगरपालिकेच्या कारकुनासमोर सह्या करून आले होते. तेव्हा किती हसले होते ते परतीच्या बोटीवर. आता तिचा मावसभाऊ नाक्यावर बंदुका घेऊन पहारा करणाऱ्या पोरांत ऊठबस करत होता आणि नझीह कॉफीचा घोट घेता घेता आपल्या बायकोची पाठ निरखत होता. तिनं का सांगितलं बोलू नकोस म्हणून? कुणाला वाचवतेय ही? त्याला स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून संशय गेला असं काही झालं नाही, दोन्ही शेजारी शेजारी बसून राहिले.

ऑफिसला तो चालतच जायचा. चालताना भिंती वाचायचा. एकेकाळी वडिलांच्या औषधाच्या दुकानात तो असाच बरण्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत बसायचा. वडील सांगायचे, नाव लावलेलं विषही घरात ठेवता येतं, पण बिननावाची बरणी ओतून टाकायची. पुढे ते दुकान जळलं, चिठ्ठ्यांसकट. पण नझीहच्या डोक्यात ती सवय राहिली आणि तिनंच त्याला जगवलं, असं त्याचं ठाम मत होतं. यादवी युद्धाच्या पहिल्या हिवाळ्यात टॅक्सी थांबवून एका पोरानं त्याचं ओळखपत्र मागितलं होतं. पोरगा पत्र उलटसुलट करत असताना नझीहनं त्याचे बूट पाहिले, दंडावरची पट्टी पाहिली, बंदुकीच्या दस्त्यावर चिकटवलेला फोटो पाहिला, आणि हा कुणाचा, त्याचा म्होरक्या कोण, तो म्होरक्या कुठल्या कॉलेजात शिकला हे सगळं जुळवून अगदी योग्य माणसाला सलाम सांगितला. पोरगा गोंधळला. पत्र परत मिळालं. मागच्या टॅक्सीतल्या माणसाला उतरवलं होतं. त्याला बूट वाचता येत नव्हते, एवढंच. तेव्हापासून नझीह कागदावर काही ठेवत नसे, नाक्यावर खिसे तपासतात. सगळं डोक्यात. कोण कुणातून फुटला, कुणाला कुठल्या वकिलातीतून पाकीट जातं, कोण सकाळी धर्माचं बोलतो आणि दुपारी बंदरावर वसुली करतो.

आणि त्यातून त्यानं ऑफिससाठी एक भाषा तयार केली होती. छापखाना आणि कचेरी असेल तर 'पक्ष'. कचेरी नाही पण हुतात्मा आहे, तर 'चळवळ'. नुसता टेलिफोन असेल तर 'गट'. 'टोळी' कधीच लिहायचं नाही, कारण ज्यांना टोळी लिहिलं ते दुसऱ्या दिवशी मिठाईचा डबा घेऊन ऑफिसात येतात, टेबलावर डबा आणि डब्यावर पिस्तूल ठेवतात, आणि फार अदबीनं विचारतात की उस्ताझ, आम्ही तुमचं काय वाकडं केलं? सगळ्यात सोयीचा शब्द 'अज्ञात हत्यारबंद'. त्याचा अर्थ, कोण ते अख्ख्या शहराला माहीत आहे. शहर रोज सकाळी ही भाषा वाचायचं आणि कुठल्या रस्त्यानं जायचं ते ठरवायचं. नझीहला त्याचा अभिमान होता, हे त्यानं कबूल केलं नसतं, पण होता.

तेव्हा हैफानं सांगूनही तो टेलिफोनपाशी बसला. कामाची रीतच तशी होती. नवं नाव आलं की प्रत्येकाच्या प्रसिद्धीवाल्याला फोन करून विचारायचं, तुमचं का? न विचारता लिहिलं तर भांडण होतं. डाव्यांचा माणूस खो खो हसला. "सबुरी? बाबा रे, आम्ही चाळीस वर्षं क्रांतीची वाट बघतोय, तरी हे नाव सुचलं नाही आम्हाला." नाक्यावरच्या पोरांचा प्रसिद्धीवाला चिडला. "आमचे लोक काय रेशनच्या रांगेत उभे आहेत का, सबुरी बाळगायला? आमचं नाही. लिहून टाका, आमचं नाही." तिसरा हाज्ज अद्नान. हा दक्षिणेत मुळं असलेल्या मोठ्या चळवळीचा, आवाज मऊ, बोलायच्या आधी नेहमी तब्येत विचारणारा. "तुमची कंबर कशी आहे, उस्ताझ? उन्हात बसत जा. काय नाव म्हणालात? सुंदर नाव आहे. कुठे दिसलं?" "आमच्याच इमारतीवर." "असं? आणि तुम्हाला काय वाटतं, कुणाचं असावं? तुमच्याइतका जाणकार आहे कोण या शहरात?"

नझीहला नंतर तो क्षण पुन्हा पुन्हा आठवणार होता, पण त्या वेळी तो क्षण मुळी वाटलाच नाही. कुणी हुशार म्हटलं की माणूस पुढे बोलतो तसा तो बोलला. "आधी मला वाटलं बाहेरचं असेल. पण अक्षर शांत आहे, म्हणजे लिहिणाऱ्याला इमारतीतलं कुणी हटकणार नव्हतं. आमचा रखवालदार दक्षिणेतला आहे. नखात रंग होता त्याच्या. तुमच्यातून फुटलेली दक्षिणेतली पोरं मध्यंतरी नाव शोधत होती ना, तसलं काही असू शकेल." मग हाज्ज अद्नान म्हणाला, "कमाल आहे तुमची. काय नाव त्याचं?" आणि नझीहनं सांगितलं. फोन ठेवल्यावर त्याला बरं वाटलं. बरणीला चिठ्ठी लागली होती. तो खाली जाऊन झातरचा मसाला लावलेली गरम मनकूशे रोटी घेऊन आला आणि खिडकीशी उभं राहून खाल्ली. अर्धी उरली ती त्यानं कागदात गुंडाळली. आपण हाज्जला मत दिलं की माणूस दिला? पण मत तर रोजच देतो आपण. तेच तर काम आहे.

दुपारी तो घरी आला तेव्हा स्टूल रिकामं होतं. पायरीवर पाण्याची बादली तशीच, फडकं तरंगतंय, आणि जिन्याखालच्या खोलीच्या दारात अबू झैनबची बायको जमिनीवर बसलेली. तिनं वर पाहिलं. "उस्ताझ, तुम्ही शिकलेले आहात, तुमच्या ओळखी आहेत. दोन पोरं आली. सभ्य होती हो. 'चला काका, जरा बोलायचंय' म्हणाली. चपलाही घालू दिल्या आमच्या ह्यांना." "कुणाची पोरं?" "मला काय कळतंय कुणाची! पोरं होती. बंदुका होत्या." त्याला चांगलंच ठाऊक होतं कुणाची. तो कठड्याला धरून वर गेला. पहिल्या मजल्यावरचं बंद दार त्याला उगाच जरा किलकिलं वाटलं. हात लावून पाहिलं, बंदच होतं.

"अबू झैनबला नेलं," तो दारातूनच म्हणाला. हैफा वह्या तपासत बसली होती. तिच्या हातातली लाल पेन्सिल तशीच राहिली. "कोणी? का?" "खांबावरच्या नावावरून. तो त्यांच्यातलाच असावा, सबुरीवाल्यांतला. मी सकाळीच ओळखलं, त्याच्या नखात रंग..." "नझीह," हैफा म्हणाली, "ते मी लिहिलंय." तो आत आला आणि त्यानं दार लावून घेतलं. "मी. आपल्या खिडक्यांच्या शटरचा उरलेला रंग होता. अबू झैनबनं डबा उघडून दिला आणि टॉर्च धरला. सबुरीचे सैनिक बिनिक कुणी नाहीत. मी आहे." "तू?" "अरे, पहिल्या मजल्यावर दोघं जण येऊन गेले गेल्या आठवड्यात. मापं घेत होते गॅलरीची. तुला नाही सांगितलं, तू झोपला नसतास. ज्या इमारतीवर कुणाचं तरी नाव असतं तिथे बाकीचे घुसत नाहीत, हे तूच सांगतोस ना सगळ्यांना? खऱ्या गटाचं नाव लिहिलं असतं तर त्यांना संरक्षणाचं भाडं द्यावं लागलं असतं. म्हणून असं लिहिलं की कुणालाच कळू नये, आणि जो तो घाबरावा."

"मग मला का नाही सांगितलंस?" हा प्रश्न त्यानं ओरडून विचारला आणि विचारताक्षणी त्याला कळलं की हैफा बराच काळ याच प्रश्नाची वाट बघत होती. "तुला?" ती म्हणाली. "हल्ली तू माझ्याकडेही कसा बघतोस माहीत आहे? माझी मावशी आली तर तिच्या जाण्यानंतर तू खिडकीतून बघतोस ती कुठल्या बाजूला वळते. तुला सांगितलं असतं तर पहिला प्रश्न काय आला असता? कुणाचे सैनिक? बाई, कुणाच्या सांगण्यावरून लिहिलंस?" तिनं लाल पेन्सिल वहीवर आपटली. "आणि बोलू नकोस म्हटलं होतं मी. एवढी एकच गोष्ट सांगितली होती." नझीह खुर्चीवर बसला. बाहेर कुणीतरी पाण्याचा टँकर आल्याची हाळी देत होतं, आणि रोज ज्या हाकेला अबू झैनब धावायचा तिला आज कुणी ओ देत नव्हतं. "मी फोन करून त्याचं नाव दिलं," तो म्हणाला. हैफानं डोळे मिटून घेतले. मग उठून तिनं त्याच्या अंगावर कोट टाकला, खरंच टाकला, फेकल्यासारखा. "जा. जाऊन सांग त्यांना."

हाज्ज अद्नानची कचेरी पूर्वी चपलांचं दुकान होतं. भिंतीवर मापं घ्यायचे आरसे अजून तसेच होते, बुटांपुरते, त्यामुळे आत शिरल्यावर नझीहला सगळीकडे आपले गुडघेच दिसू लागले. वाटेत त्यानं शंभर वेळा घोकलं होतं की हैफाचं नाव काढायचं नाही. "कंबर?" हाज्ज अद्नाननं विचारलं. "हाज्ज, चूक झाली. ते मी लिहिलं. रखवालदाराचा काही संबंध नाही. मी एकट्यानं, घर वाचवायला." हाज्ज अद्नान त्याच्याकडे प्रेमानं बघत राहिला. "तुम्ही? ऑर्थोडॉक्स, चष्मा, कमरेला पट्टा. उस्ताझ, आमचं हसं करू नका. तुम्ही स्वतःच सकाळी इतकं बारकाईनं समजावून सांगितलंत. आणि आता त्यानं कबूलही केलंय." "काय कबूल केलं?" "सगळं. चाळीस माणसं आहेत म्हणाला, सगळी दक्षिणेतली. नाव त्याचंच. आम्ही त्याला हातही लावला नाही फारसा. आता चाळीस माणसांचा म्होरक्या, त्याला का मारू मी? आमच्यात परत घेतोय." आतल्या खोलीचं दार बंद होतं. अबू झैनब त्या दाराआड होता आणि चाळीस या आकड्याला धरून जिवंत होता, कारण एकट्या निरपराध रखवालदाराला या दुकानात काहीच किंमत नव्हती. आपण आता खरं बोललो तर तो आकडा त्याच्या हातातून सुटेल. आणि खरं बोलायचं म्हणजे हैफाचं नाव घ्यायचं. नझीह गप्प बसला. "उद्या बातमी द्या," हाज्ज अद्नान म्हणाला. "सबुरीचे सैनिक आमच्या चळवळीत विलीन. गट नका लिहू. तुकडी लिहा." आणि नझीहनं, या शहरातल्या सगळ्या नावांच्या जाणकारानं, तुकडी लिहिलं.

पुढच्या दिवसांत पहिल्या मजल्यावर हाज्जच्या पोरांच्या गाद्या आल्या. मग गॅलरीत पोती आली. पोरं तशी चांगली होती, जिन्यात हैफाला अदबीनं 'सित्त' म्हणून वाट देत, पण नझीह गेला की त्यांचं बोलणं थांबे. खांबावरच्या नावाखाली कुणीतरी बंदूक काढली, मुठीसकट. हैफा त्याच्याशी बोलत होती, मीठ दे, दिवे गेलेत, असं. झोपताना ती भिंतीकडे तोंड करून झोपायची. दोघांनीही एकमेकांना 'आता काय' हे विचारलं नाही, कारण उत्तर एका माणसाकडे होतं आणि तो अजून आला नव्हता.

तो आला गुरुवारी. नझीह ऑफिसातून परतत होता आणि दारात, जिथे स्टूल असायचं तिथे, अबू झैनब उभा होता. अंगात दुसऱ्याच कुणाचा हिरवा शर्ट, बाह्या दुमडलेल्या, खांद्यावर बंदूक. एक डोळा अजून सुजलेला होता. मागे दोन पोरं सूर्यफुलाच्या बिया फोडत उभी होती आणि आपला म्होरक्या काय करतो ते बघत होती. नझीहला वाटलं, धावत जाऊन याचे हात धरावेत. त्याच वेळी त्यानं नकळत त्याचे बूटही पाहिले. नवे होते. याला माहीत असेल का, कुणी नाव दिलं ते? माहीत असेल तर आजच, की अजून काही दिवसांनी? पोरांसमोर, की वर, हैफासमोर?

"ओळखपत्र, उस्ताझ," अबू झैनब म्हणाला.

नझीहनं दिलं. अबू झैनबनं पत्र घेतलं, उघडलं, इतकी वर्षं ज्या माणसाची टाकी भरली त्याचा फोटो नीट पाहिला. मग खालची ओळ, पंथाची. ती त्यानं फार वेळ वाचली. बिया फोडायचा आवाज थांबला. मग अबू झैनबनं पत्र मिटलं, नझीहच्या कोटाच्या वरच्या खिशात स्वतःच्या हातानं घातलं, आणि पोरांना ऐकू जाणार नाही इतकं वाकून म्हणाला:

"तिघांना फोन केलेत म्हणे. मला विचारायचं होतंत की, उस्ताझ. मी तर खालीच बसलेला असतो."